आत्याच्या पडद्यामागचा फासा

मित्रांनो, पडदा म्हटलं की तुम्हाला खिडकी आठवेल, नाहीतर नाटक. मी त्यांतला नाही. मी एक जुना, तीन पाखांचा, पुठ्ठ्याचा पडदा आहे. टेबलावर उभा राहिलो तर माझी उंची हातभरही भरत नाही. तरीही कितीतरी किल्ले, जंगलं आणि नद्या माझ्याआड होत्या. ती मी कुणाला दिसू दिली नाहीत, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मला आत्याने घडवलं. ती पुस्तकं बांधायची. खाली तिचं दुकान आणि वर राहायची खोली. कुठल्याशा जाडजूड शब्दकोशाच्या बांधणीतून उरलेला पुठ्ठा तिने घेतला, त्याचे तीन तुकडे केले, सांध्यांना निळं कापड खळीने चिकटवलं आणि मला शिकंज्यात दाबून ठेवलं. वाळल्यावर पुढच्या बाजूला तिने डोंगर रंगवला. तो डोंगर उशीसारखा दिसतो, पण आत्याला तो आवडायचा, म्हणून मीही कधी तोंड वाकडं केलं नाही.

माझं काम असं होतं. दर शनिवारी दुपारी दुकान बंद झालं की वरच्या खोलीत तिघं जण यायचे: एक बस ड्रायव्हर, एक नर्स आणि एक चष्मेवाला. चौघांचा मिळून एक खेळ चाले. आत्या गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. ड्रायव्हर नावाडी होता, नर्स वैदूबाई आणि चष्मेवाला चोर. समोर दरी आली की आत्या विचारायची, "काय करता?" ज्याला जे सुचेल ते त्याने करायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा एक फासा ठरवायचा. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर फसलं.

आमच्या घरचा रिवाज मात्र वेगळा होता. फासा फक्त आत्या टाकायची, तोही माझ्यामागे. तो काय म्हणाला हे दोघांनाच कळे, आत्याला आणि मला. आणि मित्रांनो, आत्या नेहमी पडला तोच आकडा सांगत नसे.

फासा टाकला की आधी ती माझ्यावरून समोर बघायची. नर्स लागोपाठ ड्यूटी करून आलेली असली की तिच्या वैदूबाईची औषधं जरा जास्तच लागू पडत. चष्मेवाला शेफारला की त्याच्या चोराला हमखास ठेच लागे. सगळं कसं आपसूक घडतंय असं वाटायचं. तिघांनाही कधी शंका आली नाही, कारण आत्याचा चेहरा कोऱ्या कागदासारखा राहायचा आणि उरलेलं मी झाकायचो.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग आत्याचा आवाज बसला. आधी सर्वांना ती सर्दी वाटली. नर्सने मात्र तिला ओढून दवाखान्यात नेलं. तिथे समजलं की घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल आणि त्यानंतर आत्या बोलणार नाही. त्या शनिवारी टेबलाभोवती सगळे बसले, पण खेळ कुणी काढला नाही. गोष्ट सांगणारीचा आवाज जाणार म्हणजे शनिवारच संपणार, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आत्याची भाची कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायच्या कंपनीत होती. तिने आत्याचा हात धरला आणि म्हणाली, "तुझा खेळ मी बंद पडू देणार नाही. सगळाच्या सगळा कॉम्प्युटरमध्ये घालते."

पोरगी झपाटल्यासारखी कामाला लागली. आत्याला बोलता येत होतं तोवर तिने एकेक दरी, एकेक पूल, एकेक नियम विचारून घेतला. माझ्या आतल्या बाजूला चिकटवलेले तक्तेही तिने उतरवून घेतले. मग मला घडी घालून कपाटावर ठेवलं आणि माझ्यावर जुनी इस्त्री ठेवली. ती लोखंडी बाई माझ्या डाव्या सांध्यावर महिनोनमहिने बसून होती. भिंतीची ओल लागून माझा एक कोपरा फुगला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खेळ वाचत असेल तर वाचो, अशी मी मनाची समजूत घातली.

वरून मला भाचीचं काम दिसायचं. तिचा सगळ्यात मोठा वैरी होता चष्मेवाला. वेशीवर पहारेकरी उभा असेल तर लढा, लाच द्या किंवा परत फिरा, अशा तीन वाटा तिने दिल्या होत्या. चष्मेवाल्याने पहिल्याच खेपेला विचारलं, "मला त्याच्या शेळीशी बोलायचंय. ते कुठे आहे?" भाचीने आठवडाभर खपून शेळीला बोलतं केलं, तर त्याला शेळी विकत हवी होती. नर्सला जखमी शत्रूला पट्टी बांधायची होती, तीही खेळात नव्हती. आत्या अशा वेळी क्षणभर डोळे मिटायची आणि पुढचं सांगायची. भाचीला मात्र प्रत्येक गोष्ट आधीच लिहून ठेवावी लागे, आणि माणसांना काय सुचेल याला अंत नव्हता. बिचारी अगदी रडकुंडीला आली.

ऑपरेशन झालं. आत्या घरी आली, गळ्याला रुमाल आणि हातात पाटी. पुढच्या शनिवारी भाचीने सर्वांना बोलावलं आणि खेळ सुरू केला. चित्रं सुरेख होती, पाण्याचा आवाज तर खराखुरा वाटत होता. नावाडी दोरांच्या पुलावर आला. ड्रायव्हरने कळ दाबली. आतल्या आत फासा पडला आणि समोर अक्षरं आली: तुमचा नावाडी मेला आहे. पुन्हा सुरू करायचं?

ड्रायव्हर त्या अक्षरांकडे बघत राहिला. इतक्या वर्षांचा त्याचा नावाडी, पापणी लवायच्या आत गेला. "नियमच आहे तसा," तो हळूच म्हणाला आणि बूट घालायला उठला. त्याच्यामागून बाकीचे दोघंही गेले.

भाचीने सगळं पुन्हापुन्हा तपासलं. "आकडे बरोबर आहेत, आत्या. कुठेच चूक नाही."

आत्याने कपाटाकडे बोट केलं.

मला खाली काढण्यात आलं. आत्याने ओल्या फडक्याने माझी धूळ पुसली, मला टेबलावर उभं केलं आणि भाचीला शेजारी बसवलं, माझ्या मागच्या बाजूला. तिथे आजवर आत्याखेरीज कुणी बसलं नव्हतं. मग तिने फासा टाकला. दोन आले. तिने भाचीकडे पाहून भुवया उंचावल्या.

"दोन म्हणजे पडला. मेला," भाची म्हणाली.

आत्याने मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, "याच पुलावर ड्रायव्हर मागे एकदा आला होता. त्याची आई जाऊन आठवडा झाला होता. तेव्हाही दोनच पडले."

भाचीचा आवाज एकदम बारीक झाला. "मग तू काय सांगितलंस?"

आत्याने लिहिलं, "सतरा."

भाची माझ्यावरून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग तिने आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती खूप रडली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्यानंतर भाचीने खेळ उसवला आणि नव्याने शिवला. नकाशे, जखमा, सामानाची ओझी हे सगळं कॉम्प्युटरकडेच राहिलं. फाशाचा आकडा मात्र आता एकाच छोट्या कॉम्प्युटरवर दिसणार होता, आणि तो ठेवला माझ्यामागे. आकडा मानायचा की नाही ते तिथे बसणाऱ्याने ठरवायचं, आणि सुचेल ते लिहायचं. लिहिलेलं समोर मोठ्या पडद्यावर उमटे. त्या चकचकीत पडद्याशी माझं काही वैर नाही. तो दाखवतो, मी झाकतो.

ड्रायव्हर यायला तयार नव्हता. भाची स्वतः बस डेपोत जाऊन त्याला घेऊन आली. पुन्हा तोच पूल. फासा पडला. चार. आत्याने माझ्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि सावकाश एकेक अक्षर दाबलं. समोर उमटलं: नावाडी पडला. पण नदी त्याला लहानपणापासून ओळखते. तिने त्याला काठाला लावलं.

ड्रायव्हरने ते मोठ्याने वाचलं. मग बाहीने डोळे पुसले. "आत्याच बोलतेय ही," तो म्हणाला.

असे आणखी काही शनिवार मिळाले. हवे होते त्याहून कमी. मग एका शनिवारी माझ्यामागे भाची एकटीच बसली. आत्याची पाटी तिने शेजारी ठेवली होती. खेळ सुरू व्हायच्या आधी ड्रायव्हरने विचारलं, "खरं सांग पोरी, आत्या कधी आकडा बदलायची का?"

भाचीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला होता.

"नाही हो काका. जे पडेल तेच सांगायची."

त्याने मान डोलावली. मग हात पुढे करून माझं कलतं पाखं सरळ केलं, आणि खेळ सुरू झाला.

मित्रांनो, माझा डावा सांधा आता सुटत आलाय. माझ्यासारखं कुणी तुमच्या घरात सापडलं, तर थोडी खळ लावा आणि वर इस्त्री तेवढी ठेवू नका. कधी माझ्यामागे बसायची पाळी आली, तर आकडा बघून झाल्यावर समोरचे चेहरेही बघा. आणि एक विनंती आहे. मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आज तुम्हाला सांगितलं. त्या सतराचं मात्र ड्रायव्हरकाकांना सांगू नका.