कार्तिकीचं ताट

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितर जेवू घालायची आमच्या घरची रीत आहे. गेलेलं माणूस ज्या वयाचं, साधारण त्याच वयाचं कुणीतरी भावकीतून नाहीतर शेजारातून बोलवायचं, पाटावर बसवायचं आणि गेलेल्याच्या नावानं वाढायचं. माझ्या सासऱ्यांच्या नावानं दरवर्षी सहादेवतात्या येतात. रस ओरपतात, ढेकर देतात आणि जाताना सासूबाईंना म्हणतात, "पावलो बरं का, रंगुबाई." यंदा त्यांच्या पाटाशेजारी एक लहान पाट मांडायचा होता. माझी कार्तिकी गेल्या मार्गशीर्षात गेली. पाच वर्षांची होती.

"पोरगी कुनाची सांगायची?" आत्याबाईंनी विचारलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं. शेजारच्या ज्योतीची शरयू. दोघी अंगणवाडीत एकाच पट्टीवर बसायच्या.

"शरयूच," मी म्हणाले. "पण कार्तिकीच्या ताटात पोळी वाढायची नाही, आत्याबाई."

त्या विळीवर गूळ चिरत होत्या. हात थांबला.

"आगं, आखितीला पुरनाची पोळी न्हाई, तर पितर जेवलं कसं म्हनायचं?"

"तिला गहू चालत नव्हता."

"आता कसलं आलंय चालनं न चालनं?" त्या भांडणाच्या सुरात बोलत नव्हत्या, तेच अवघड होतं. "आता तरी खाऊ दे की तिला पोटभर. जिती हुती तवर दुसऱ्याच्या ताटाकडं निस्ती बघत ऱ्हायली."

ते खरं होतं. मी उठून पाळण्यातल्या धाकट्या समर्थला घेतलं. तो सात महिन्यांचा आहे, त्याला घेतलं की माझे हात गुंतलेले दिसतात.

कार्तिकी अंगावरचं दूध सोडून खायला लागली आणि तेव्हापासूनच तिचं पोट फुगायला लागलं. हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं. मिरजगावातल्या दवाखान्यातून जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. मग आत्याबाईंनी मनावर घेतलं. गहू भिजत घालायचे, वाटायचे, फडक्यातून पिळायचे, तो पांढरा चीक तूपगुळात शिजवून रोज सकाळी मांडीवर घेऊन भरवायचा. अशक्त लेकराला, बाळंतिणीला आमच्याकडं चीकच देतात. त्यांची स्वतःची चारही लेकरं चिकावर उभी राहिली होती. "चिकानं हाड धरतं," म्हणायच्या. कार्तिकी खायची आणि वाळत जायची. जितकी वाळायची तितका त्या चमचा वाढवायच्या.

शेवटी नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हिला गहूच बाधतोय. गव्हाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये, आयुष्यभर. साखरेनंही तेव्हा तिला जुलाब व्हायचे, म्हणून तीही काही दिवस बंद. परत येताना एसटीत आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्या, भिजत घातलेले गहू गाईच्या पुढ्यात ओतले, पातेलं घासून माळ्यावर टाकलं. त्यावर आमच्या घरात कधीच बोलणं झालं नाही.

भाकरी होतीच आमच्याकडं. पण लेकराला भाकरीचं काय कौतुक? तिला बिस्कीट पाहिजे असायचं. बाकीची पोरं चहात बुडवून खायची ना. मग मी मोबाईलवर बघून बघून शिकले. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर पिठात गहू येतो, म्हणून ज्वारी घरीच मिक्सरवर काढून दोनदा चाळायची. खजूर भिजवून वाटायचा, पिकून काळं पडलेलं केळं कुस्करायचं. पहिल्या वेळी सगळा भुगा झाला, कारण ज्वारीला चिकटपणा नसतो. मग सुचलं, जुन्या ज्वारीच्या भाकरीला उकळतं पाणी घालतो तसं घालून बघू. थोड्या पिठाची उकड काढली, त्यात खजूर, केळं, शेंगदाण्याचं कूट, तूप घातलं आणि गोळा जमला. कढईत मीठ तापवायचं, त्यावर स्टँड, वर ताटली, झाकण. घरभर वास सुटायचा. भाजायला ठेवण्याआधी कार्तिकी थापलेल्या प्रत्येक वडीवर अंगठा दाबून खड्डा करायची नि त्यात मनुका बसवायची. मी कुकी म्हणायचे, आत्याबाई "कुक्या झाल्या का लेकराच्या?" म्हणायच्या. घरात दुसरं कुणी त्यांना हात लावत नसे. त्या तिच्या होत्या.

वर्षभर ती बरी होती. गाल आले होते. मग थंडीत छाती भरली, आणि अंगात साठवलेलं असं फार काही नव्हतंच.

मी ह्यांना विचारलं, ताटाचं काय करायचं. "तुमी दोघी म्हनताल तसं," म्हणाले आणि मळ्यात निघून गेले. हल्ली ते मळ्यातच असतात. पाणी द्यायचं नसलं तरी.

आखितीच्या सकाळी आत्याबाईंनी पडवीतली चूल पेटवली. पुरण रात्रीच वाटून ठेवलं होतं. मी आत गॅसवर कढई चढवली. खजूर वाटून झाला, पीठ हाताखाली आलं आणि मी सवयीनं उठून पडवीचं दार लोटलं.

"दार कशाला लावलंस?" त्या बाहेरून म्हणाल्या. "उकडंल की आत."

"पीठ उडतंय तुमचं," मी म्हणाले.

बाहेर लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. दार मी उघडलं नाही. घाम पुसत आत बसून राहिले आणि कुक्या भाजल्या. मनुका मीच बसवल्या.

शरयू आली ती नवा फ्रॉक घालून, केसाला दोन क्लिपा. ज्योतीनं तिला दारातच सोडलं, माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली. तात्या आधीच पाटावर बसले होते.

आत्याबाईंनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. "बस, कार्ते. सावकाश जेव, बाई."

"मी शरयू हाय की, आज्जी."

"आज तू कार्तिकी," तात्या म्हणाले. "मी न्हाई का दरसाली ह्यांचा म्हातारा हुतो? घाबरू नगं. रस लई मिळतो त्यात."

शरयूनं जरा विचार केला. तिला ते पटलं असावं.

मी तिचं ताट वाढलं. भात, आमटी, भजी, वाटीत रस आणि मधोमध कुक्या. भजी हरभऱ्याच्या डाळीची, कार्तिकीला चालायची. पोळी नव्हती. आत्याबाईंनी बघितलं आणि पडवीत गेल्या. मला वाटलं, आपलं ऐकलं त्यांनी.

शरयूनं आधी कुकीच उचलली. चावली, आणि थांबली.

"मावशी, ह्याच्यात साखर न्हाई?"

"खजूर आहे. केळं आहे."

"मला माहीत हाय ही. कार्तिकी द्यायची मला डब्यातून. एकच द्यायची. दुसरी मागितली की झाकन लावायची."

तात्या हसले. मीही हसले बहुतेक. मला हे माहीत नव्हतं. अंगणवाडीतल्या तिच्या डब्याचं मला वाटायचं, सगळं तीच खाते.

तिनं एक संपवली, दुसरी अर्धी तशीच ठेवली आणि तात्यांच्या ताटाकडं बघायला लागली. पोळीवर तूप पाघळलं होतं. तात्या घास मोडून रसात बुडवत होते. ती बघत होती, मागत नव्हती. असं बघणं मी ओळखते.

तेवढ्यात आत्याबाई पोळी घेऊन आल्या. तव्यावरची, फुगलेली, पळीभर तूप घातलेली. माझ्याकडं न बघता लहान पाटापुढं वाकल्या. मी पुढं झाले, अडवायलाच झाले होते. पण त्यांचा हात ताटाच्या वर येऊन थांबला. तूप खाली जमिनीवर ठिबकलं.

"वाढा की, वैनी," तात्या म्हणाले.

त्या तशाच वाकलेल्या. मग हळूच म्हणाल्या, "सुरेखा, माझ्यानं न्हाई हुत. ह्याच हातानं भरवलंय गं मी तिला..."

इतके दिवस आमच्या घरात न बोललेलं ते असं, एका परक्या लेकराच्या ताटावर, बाहेर आलं. शरयू एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. आपलं काही चुकलं की काय असं तिच्या तोंडावर होतं. हात मांडीवर ठेवून, भूक लागलेली, नव्या फ्रॉकातली.

मी आत्याबाईंच्या हातातून पोळी घेतली आणि कार्तिकीच्या ताटात वाढली.

आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. "तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "कुणालाच माहीत नव्हतं." त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

शरयू जेवत होती. घास रसात बुडवून, कोपरापर्यंत ओघळ. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. कधी ओठ पांढरे पडतील, कधी ती पोटाशी दुमडेल. काही झालं नाही. तिनं बोटं चाटली.

"अजून घेतेस?"

"अर्धी."

मी पडवीतून आख्खी आणली.

दुपारी सगळं गाव उन्हानं गप झालं. आत्याबाई पडवीत आडव्या झाल्या होत्या, जाग्याच. समर्थ झोपेना. त्याला कडेवर घेतलं आणि शेजारी गेले.

ज्योती दारात भांडी घासत होती. "काय गं?"

"विरजण आहे का?"

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. वाटी न्यायची मी विसरले होते.

"झोपलीय ती," ज्योती म्हणाली. "काई झालं न्हाई तिला. आल्यावर चिंचंखाली खेळली, मग झोपली."

"बरं."

मी परत वळले नाही, तेव्हा तिनं हात धुतले, समर्थला माझ्याकडून घेतलं आणि दारातून बाजूला झाली.

शरयू गोधडीवर उताणी झोपली होती, तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यात रस वाळलेला. मी शेजारी बसले. तिच्या पोटावर हात ठेवला. गच्च भरलेलं होतं, पण मऊ. श्वासाबरोबर वर यायचं, खाली जायचं. बाहेर ज्योती समर्थशी काहीतरी बोबडं बोलत होती.

ती उठून पाणी मागेपर्यंत मी तिथंच बसले.