अर्ध्या टाकीवर धापणारे इंजिन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे, तुमच्या मुठीत मावेन एवढेच. पण एके काळी मी लांबलचक पाती गरगर फिरवून एक छोटे हेलिकॉप्टर आकाशात उचलत असे. त्याला खेळणे म्हटलेले माझ्या मालकाला, श्रीरंगला, मुळीच आवडत नसे. "मॉडेल आहे ते," तो म्हणायचा.

श्रीरंग दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीत नकाशे काढायचा आणि फरीदाबादला राहायचा. त्याची पत्नी सुनीती एका रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. १९९५ साली मी परदेशातून एका सहकाऱ्याच्या बॅगेत बसून त्यांच्या घरी आले. श्रीरंगने जेवणाच्या टेबलावर आठ महिने खपून हेलिकॉप्टर जुळवले आणि मला गार ठेवण्यासाठी माझ्याभोवती पंखा व काळे प्लॅस्टिकचे आवरण बसवले. त्या दिवसापासून मला जग एका बोटभर फटीतूनच दिसे. मागच्या टाकीतून पारदर्शक नळीने मला इंधन मिळे. त्यात वंगण म्हणून एरंडेल मिसळलेले असे.

पहिले वर्ष सुखाचे गेले. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर श्रीरंगच्या हातातल्या रिमोटवर मी उडू लागले की येणारे-जाणारे सायकली थांबवून बघत.

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र मला धाप लागू लागली. टाकी भरलेली असताना मी छान चाले. ती अर्ध्यावर आली की माझे बळ जाई आणि हेलिकॉप्टर खाली बसू लागे. कारण मला ठाऊक होते. टाकीच्या आत जी रबरी नळी होती, तिला केसाएवढी चीर पडली होती. इंधन कमी झाले की ती चीर उघडी पडे आणि माझ्या घोटात निम्मी हवा येई. पण हे मी कोणाला आणि कसे सांगणार?

श्रीरंगचा मित्र दत्तात्रय ट्रॅक्टरच्या कारखान्यात फोरमन होता. तो म्हणाला, "यार, याला तेल कमी पडतंय. सुई अर्धा फेरा खोल." इंधन कमी-जास्त करणारी ती सुई खोलली तसे मी धुराने गुदमरले. पुढच्या रविवारी ती आवळली, तेव्हा मी तापून लाल व्हायचेच बाकी राहिले. मग प्लग बदलला, गाळणी धुतली, सायलेन्सर खरवडला. एकदा तर माझे डोकेच उघडले. "आत एकदम चकाचक आहे!" दत्तात्रय चक्रावून म्हणाला. दर वेळी ते टाकी भरून मला मिनिटभर चालवत, "बिल्कुल ठीक" म्हणत आणि बंद करत. अर्ध्या टाकीपर्यंत थांबायला कोणालाच वेळ नव्हता.

नोव्हेंबर १९९७ मध्ये सुनीतीने परवानगी काढून वॉर्डातल्या मुलांसाठी रुग्णालयामागच्या हिरवळीवर माझे उड्डाण ठरवले. एका मुलाच्या पायाला प्लास्टर होते. तो चाकाच्या खुर्चीत पुढेच बसला होता. "अंकल, और ऊपर!" मुले ओरडली. श्रीरंगने मला वर नेले. तेवढ्यात टाकी अर्ध्यावर आली. मी हवा गिळत होते, जिवाच्या आकांताने पाती ओढत होते, पण बळ राहिले नाही. आम्ही कोसळलो. पात्याचा तुकडा उडाला आणि त्या खुर्चीपासून हातभर अंतरावर गवतात रुतला.

कोणाला लागले नाही. पण मुले रडू लागली. घरी आल्यावर तो म्हणाला, "दगाबाज आहे हे इंजिन. पुन्हा नाही." टाकी रिकामी न करता, तेलाचा थेंब न देता त्याने मला पत्र्याच्या ट्रंकेत टाकले आणि कडी लावली.

चार वर्षे मी तिथे होते. पोटातले एरंडेल आटून डिंकासारखे झाले आणि त्याने माझा दट्ट्या घट्ट धरला. उन्हाळ्यात पत्रा तापला की मला वाटे, आता जरा हलता येईल. पुढे तेही वाटेनासे झाले. कुकरच्या शिट्ट्या, सुनीतीची पावले, टीव्हीवरच्या बातम्या, सारे ऐकू येई. माझे नाव मात्र कोणी काढत नसे. अंधारापेक्षा मला एकच गोष्ट जास्त जाचत होती. चूक कुठे आहे ते मला माहीत होते.

२००१ साली घर नोएडाला हलवताना ट्रंक उघडली. "फेक ना यार हे," दत्तात्रय म्हणाला.

"थांबा," सुनीती म्हणाली. "त्या दिवशी मुलांना मी बोलावलं होतं. काय झालं होतं ते मला कळायला हवं."

केस वाळवायच्या यंत्राने तिने मला ऊब दिली आणि कोमट तेल थेंब थेंब सोडले. असे सलग तीन संध्याकाळी केले. तिसऱ्या संध्याकाळी माझा दट्ट्या करकरत सरकला. मी रडू शकत असते तर रडले असते.

सेक्टरच्या मागे मोकळा प्लॉट होता. तिथे मला फळीला घट्ट बांधून सुरू केले. मिनिटभराने श्रीरंग म्हणाला, "बिल्कुल ठीक आहे. करू बंद?"

"अहो, बंद का करताय? एक मिनिट बघून आम्ही पेशंटला घरी पाठवतो का? टाकी संपू दे."

सुनीती पारदर्शक नळीवर डोळे लावून बसली. टाकी अर्धी झाली. मला धाप लागली. दत्तात्रयचा हात सवयीने सुईकडे गेला, तो तिने मनगटाशी धरला.

"भावजी, त्याला हात लावू नका. नळीत बुडबुडे आहेत, बघा! सलाइनमध्ये असे दिसले की आम्ही आधी नळी तपासतो."

टाकी उघडली. श्रीरंगने ती रबरी नळी बोटांत वाकवली आणि चीर उघडली. तो तिथेच मातीत बसला. "चार वर्षं," एवढेच म्हणाला. दत्तात्रय मान खाली घालून पाना पुसत राहिला.

नवी नळी बसली आणि मी शेवटच्या थेंबापर्यंत चालले. रुग्णालयाने मात्र पुन्हा परवानगी दिली नाही. ती मुले तर केव्हाच आपापल्या घरी गेली होती. ट्रंकेतल्या गंजाने माझे बेअरिंग खाल्ले होते, त्यामुळे मी जेमतेम तीन हिवाळे उडू शकले.

मित्रांनो, आम्हाला शब्द नसतात. आमचे दुखणे आम्ही थांबूनच सांगतो. म्हणून एखादे यंत्र दमले तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्या घशाखाली काय जाते आहे ते नीट पाहा, आणि घाईने पाहू नका. काम झाले की उरलेले इंधन काढून टाका, दोन थेंब तेल द्या, आणि मगच झाकण लावा.