ड्रायव्हर सापडत नाही

ताईच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर भावोजींचा लॅपटॉप, त्याच्यासमोर डोळे मिटून बसलेला सिग्नलबाबा, आणि भिंतीला टेकून निम्मी इमारत. पडद्यावर एकच ओळ होती : नेटवर्क ड्रायव्हर सापडत नाही.

भावोजी बसचे ड्रायव्हर होते. त्यांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

झालं होतं असं. त्यांच्या लॅपटॉपची जुनी सिस्टीम फार रखडायला लागली, म्हणून ताईने ती पुसून नवी घालून घेतली. डेपोच्या कार्यालयातल्या नोकरीसाठी दुसऱ्या दिवशी तिची व्हिडिओवर मुलाखत होती. नवी सिस्टीम आली आणि इंटरनेट गेलं. खटपट करताना ही ओळ उमटली, ताईने हंबरडा फोडला, आणि शेजारच्या काकूंनी दुरुस्तीवाल्याऐवजी बाबाला बोलावलं. मी पोचले तेव्हा प्रवचन रंगात आलं होतं.

"आत्मा म्हणजे काय? वायरलेस! ना तार, ना आकार! तुम्ही त्यांची सिस्टीम पुसलीत, बाई. त्यांचं घर मोडलंत. ते सापडत नाहीत, हे यंत्र स्वतःच्या तोंडाने सांगतंय!"

"मग मी काय करू आता?" ताईने हात जोडून विचारलं.

बाबाने झोळीतून काळ्या दोऱ्यात गुंडाळलेला बोटाच्या पेराएवढा ताईत काढला, लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत खुपसला आणि फुंकर मारली. "आता घरचा पासवर्ड घाला. त्यांना ओळख पटू दे."

ताईने पासवर्ड घातला. इंटरनेट सुरू झालं. काकूंनी लॅपटॉपलाच नमस्कार केला.

"हा ताईत उघडायचा नाही. उघडलात तर ते कायमचे जातील," बाबाने बजावलं. "दर आठवड्याला याच खोलीत माझी बैठक भरेल. आणि ती मुलाखत विसरा. तुम्ही नोकरी धरलेली त्यांना खपणार नाही."

ताईने मान डोलावली. माझं डोकंच फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. नेट आलं म्हणून माझी हरकत नव्हती, पण बाबाची अट ऐकली आणि मनात पाल चुकचुकली. माझ्या बहिणीच्या नोकरीशी या गृहस्थाचं काय देणंघेणं?

"बाबा, ताईत झाकणावर ठेवला तर चालेल?"

"नाही. खाचेतच हवा."

"आणि ताईच्या गळ्यात घातला तर?"

"तुम्ही माझी परीक्षा घेताय?"

"पोटापाण्याचा धंदाच आहे तो माझा."

मी ताईताला बोट लावलं. कोमट होता. दोऱ्यांच्या फटीतून निळा ठिपका लुकलुकत होता.

"जीव आहे हो त्यात," काकू कुजबुजल्या.

असा लुकलुकणारा जीव आमच्या शाळेच्या संगणकालाही मागून खोचलेला आहे. मी तिथल्या तिथे दोरा तोडणार होते, पण ताईचा चेहरा बघून हात आवरला. तिच्या लेखी त्या दोऱ्यात भावोजी होते.

"नेट आलंच आहे, तर मुलाखतवाल्यांना नकार कळवते," मी म्हटलं. बाबा खूश झाला. मी मात्र लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून त्याच्या आतल्या वायफायचा ड्रायव्हर उतरवून घेतला, बसवला आणि आतलं वायफाय घराच्या नेटला जोडून दिलं.

"ताई, आता ताईत तूच काढ."

"हात लावू नका! ते जातील!" बाबा ओरडला.

"खरंच गेले तर गं?" ताईने मला विचारलं.

"भावोजी या खाचेत कधीच नव्हते, ताई."

तिने डोळे मिटले आणि ताईत उपटला. इंटरनेट चालूच राहिलं.

"शक्ती यंत्रात मुरली!" बाबाने सारवासारव केली.

"मग रिकामा ताईत उघडायला काय हरकत आहे?" असं म्हणत काकूंनीच दोरा सोडला. आतून निघाला वायफायचा चिमुकला अडॅप्टर, कुठल्याही दुकानात मिळतो तसा.

मग मी सगळ्यांना समजावलं. लॅपटॉपच्या आतला किंवा त्याला जोडलेला एखादा भाग कसा चालवायचा, हे सिस्टीमला सांगणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. आतल्या वायफायचा ड्रायव्हर जुन्या सिस्टीमबरोबर पुसला गेला आणि नवीकडे तो नव्हता. या अडॅप्टरचा मात्र तिच्याकडे आधीच होता. एवढाच काय तो परलोक!

"म्हणजे हे माझ्यावर रागावले नव्हते?" ताईने विचारलं.

"नाही गं."

ती पोटभर रडली. मग डोळे पुसून बाबापुढे उभी राहिली. "मी नोकरी करावी असं हेच म्हणायचे. बैठकीला माझी खोली हवी, म्हणून माझ्याच माणसाची भीती घालून मला घरात बसवत होतात तुम्ही. निघा."

दुसऱ्या दिवशी तिने मुलाखत दिली. नोकरीचं काय ते यथावकाश कळेल.

लोकहो, यंत्र अडलं तर जाणकाराला विचारा. कुणी 'उघडू नका' म्हणालं, तर का म्हणून विचारायला लाजू नका. गेलेलं माणूस कुणावर रागवत नाही. त्याच्या नावाने डोळे वटारणारा जिवंत माणूस कोण आहे आणि त्याला काय हवंय, तेवढं बघा.