दोन सांध्यांमधले अंतर

रजा तिने स्वतःच मागून घेतली होती, आणि आता घरात तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिने आखलेले पहिले वेळापत्रक आजपासून लागू झाले होते. दहा चाळीसला, एकेरी मार्गावरच्या एका लहानशा स्थानकात, सोळा डब्यांची एक्स्प्रेस आणि चौदा डब्यांची पॅसेंजर प्रथमच एकमेकींना ओलांडणार होत्या. पहिला दिवस सुरळीत गेला, की तिला नोकरीत कायम करण्याचा कागद पुढे सरकवतो, असे वरिष्ठांनी सांगून ठेवले होते.

"अगं, जरा टेक की. तुझ्या येरझाऱ्यांनी गाड्या लवकर पोचणार आहेत का?" वडील म्हणाले.

चौतीस वर्षे रेल्वेत गाड्यांची वाट बदलणारे सांधेवाले म्हणून नोकरी केल्यावर त्यांनी जेवणाचे टेबल खेळण्यातल्या रेल्वेच्या ताब्यात दिले होते; घरची माणसे ताट मांडीवर घेऊन जेवत. लेकीच्या मानार्थ त्यांनी तेच लहानसे स्थानक उभारले होते. एका रुळाचे सांध्यापाशी दोन होतात, थोडे अंतर शेजारी शेजारी धावतात आणि दुसऱ्या सांध्यापाशी पुन्हा एक होतात. एक गाडी बाजूच्या लूपमध्ये शिरून थांबते, समोरची सरळ निघून जाते. यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

वडिलांनी एक गाडी लूपमध्ये उभी केली, दुसरी सोडली. दुसरीचे इंजिन उभ्या गाडीच्या शेवटच्या डब्याला घासले आणि डबा आडवा झाला.

"पुढे घ्या ना ती."

"पुढे घेतली की तोंड बाहेर. मघापासून तेच करतोय."

"टेबलात बसावी म्हणून तुम्ही लूप आखडलीत, बाबा."

"गाडीही आखडली. लूप निम्मी, डबे सोळाचे आठ. बरोबर ना, वेळापत्रकवाल्या बाई?"

"नाही. सांधे दुकानातून आणलेत तसेच बसवलेत, ते कुठे निम्मे केलेत? ते प्रमाणाबाहेर जागा खातात. यातून काहीही सिद्ध होत नाही."

"बरं. मग खरा सांधा किती जागा खातो?"

तिने आकडे मनात मांडून पाहिले. लूप चारशे दहा मीटर, एक्स्प्रेस चारशे चार. एवढे तिला पाठ होते. पण चारशे दहा कुठून कुठपर्यंत?

तिने वेळापत्रक आखताना वापरलेला तक्ता पिशवीतून काढला. तो रूळ दुरुस्तीच्या खात्याचा होता. त्यांच्या लेखी लूप म्हणजे एका सांध्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत, कारण तेवढे सगळे बोल्ट त्यांनाच आवळायचे असतात. उभी राहणारी गाडी मात्र दोन रुळांच्या मध्ये पुरलेल्या पांढऱ्या दगडांच्या आत मावावी लागते. दगडापलीकडे शेपूट राहिले, की शेजारची वाट अडते. दोन्ही टोकांचे पंचावन्न-पंचावन्न मीटर वजा केल्यावर उरले तीनशे. पॅसेंजर तीनशे छप्पन्न मीटरची होती. दोघींपैकी एकही मावणार नव्हती.

तिथल्या स्टेशनमास्तरांनी पंधरा दिवसांपूर्वी लिहिले होते, 'गाडी मावणार नाही.' पत्रात आकडा नव्हता, म्हणून तिने ते नेहमीच्या कुरकुरीत जमा केले होते.

टक्कर होणार नव्हती. सिग्नल तेवढा खमक्या असतो. पण दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहणार होत्या, आणि मागेपुढे करत गुंता सोडवण्यात तास-दीड तास जाणार होता. आधीच्या मोठ्या स्थानकातून एक्स्प्रेस दहा वीसला सुटायची. घड्याळात दहा पंधरा झाले होते.

"लाव फोन," वडील म्हणाले.

"लावला की कायम होणं विसरायचं."

"आणि नाही लावलास तर?"

"गाड्या अडकतील. मग तिथल्या माणसांनी घोळ घातला म्हणतील. माझा तक्ता कशाला कोण उघडून बघतंय?"

"तिथली माणसं म्हणजे सांधेवालाच ना?" वडिलांनी एवढेच विचारले आणि आडवा डबा उचलून रुळावर ठेवला.

तिने गाड्यांच्या नियंत्रण कक्षाचा नंबर फिरवला.

"नियंत्रक साहेब, एक्स्प्रेस मोठ्या स्थानकातच थोपवा. पॅसेंजर तिथपर्यंत येऊ द्या. पुढच्या लूपमध्ये दोन्ही मावत नाहीत."

"बाई, हे वेळापत्रक तुमचंच ना हो?"

"म्हणूनच सांगतेय. पाच मिनिटं आहेत."

पलीकडे कुणाला तरी ओरडून हुकूम दिला गेला. मग आवाज परत आला. "थोपवली. चाळीस मिनिटं बोंबलली. कारण काय लिहू? सिग्नल बिघाड टाकतो, त्यावर कुणी चौकशी करत नाही."

"नको. आखणीतली चूक लिहा."

"कुणाच्या आखणीतली?"

"माझ्या."

"विचार करा हं. पेनाने लिहितोय मी."

"लिहा."

फोन ठेवल्यावर वडिलांनी खुर्ची पुढे ओढली. ती बसली, पुरते मिनिटभरही नाही. तक्त्यात आणखी अकरा लूप होत्या, आणि सगळ्यांची लांबी तिने त्याच रकान्यातून उचलली होती. दोन गाड्यांचे पुढचे क्रॉसिंग अकरा पंचवीसला होते.

"बाबा, तुम्ही काम केलंत त्या लूप आठवतात? दगड ते दगड?"

त्यांनी गाडी बाजूला सारून कागदाला जागा केली, चष्मा चढवला आणि बोट ओळींवरून खाली नेले. तिसऱ्या ओळीवर ते थांबले.

"ही बघ. ही तर त्याहूनही आखूड."

तिने तोच नंबर पुन्हा फिरवला. लाइन व्यस्त होती.