विरघळणारी गाठ

"गेली! गेली! गाठ गेली!"

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मागच्या बायका खुर्च्यांवर चढल्या. व्यासपीठावर सालमहाराज काचेचं भांडं उंच धरून गरागरा फिरत होते. आत्ताच सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी एका म्हातारीच्या पोटावर हात फिरवला होता, लिंबाएवढी लालभडक ओली गाठ 'काढली' होती आणि भांड्यातल्या सालामृतात टाकली होती. गाठ फसफसली, आक्रसली आणि बघता बघता नाहीशी झाली.

"जग फळ खातं आणि साल फेकतं!" महाराज गरजले. "अरे वेड्यांनो, देव गरात नाही, सालीत आहे! फळाला कोण राखतं?"

"साल!" सभागृह ओरडलं.

"मग तुम्हाला कोण राखेल?"

"साल!"

मला हसू आवरेना. साल जर देव असती, तर मी एव्हाना सदेह स्वर्गात असते! रसाच्या कारखान्यात साल-विभागाची मी प्रमुख. संत्री, मोसंबी, लिंबं यांच्या सालींचे ढीग रोज आमच्यापुढे येऊन पडतात. आम्ही त्यांचं तेल काढतो. ते साबणाच्या वासाला जातं, बाटल्यांवरच्या लेबलांचा चिकट डिंक काढायला जातं. उरलेला चोथा शिजवला की जॅम घट्ट करणारं पेक्टिन मिळतं. त्यातूनही जे उरतं ते गुरं खातात. कचरा म्हणावा असं त्यात फारसं काही नाहीच. पण देव? तो काही आमच्या गाळणीत कधी सापडला नाही.

हसू घशातच राहिलं, कारण शेजारी माझी थोरली बहीण हात जोडून रडत होती.

ताईच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "आत्ता काढली तर बऱ्या व्हाल. घोळ घालत बसलात तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." ताई तयारही झाली होती. तेवढ्यात भाऊजींनी तिला इथे आणलं, आणि ताईने ऑपरेशनला चक्क नाही म्हटलं.

भाऊजी आमच्याच कारखान्यात, तेलाच्या गोदामावर. माणूस अगदी खालमानेचा. कारखान्यात त्यांना कोणी चहाला चल असंही म्हणत नसे. इथे मात्र पहिल्या रांगेत खुर्ची, गळ्यात हार, आणि महाराज त्यांना सगळ्यांसमोर 'आमचा पहिला भक्त' म्हणत. माणूस कसा फुलून यायचा!

एकदा ताईकडे गेले, तर भाऊजी तिला चमच्यातून सालामृत पाजत होते. वर कापसाने गाठीवर लावणंही चाललं होतं. कातडी लाल होऊन सोलवटली होती.

"अगं ताई, हे काय करून घेतलंयस?"

"गाठ तोंड काढतेय, छोटे. महाराज म्हणाले, जितकं झोंबेल तितकं चांगलं."

मी बाटली नाकाशी नेली. "भाऊजी, हे तर आपल्या तेलासारखं वाटतंय."

"संत्र्याला संत्र्याचाच वास येणार ना?" वर न बघताच ते म्हणाले.

मला ते पटलं. घरचं माणूस, त्याच्यावर कोण कशाला संशय घेतं?

माझे डोळे उघडले ते आमच्या विभागातल्या एका जुन्या चुकीमुळे. आमच्याकडे चहा फक्त स्टीलच्या पेल्यातून प्यायचा, असा नियम आहे. नवीन आलेलं माणूस हमखास तो विसरतं. त्या दिवशीही नव्या बाईंनी तेलकट हातांनी थर्माकोलचा कप धरला. कपाला खळगे पडले, बूड गळालं आणि गरम चहा साडीवर. सगळ्याजणी नेहमीसारख्या खिदळल्या. मी मात्र त्या कपाकडे बघतच राहिले. तस्संच आक्रसणं! सालीचं तेल थर्माकोल खातं, हे मला किती वर्षं माहीत होतं. आणि तरी सभागृहात बसून माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे!

पुढच्या सभेला मी डबा घेऊन गेले आणि रांग मोडून थेट व्यासपीठावर चढले.

"महाराज, मीपण गाठ आणलीय."

"ये बाळ! साल सगळ्यांची माय आहे!"

मी डब्यातून चहाच्या कपाचा तुकडा काढला आणि भांड्यात टाकला. फस्स! तुकडा दिसेनासा. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

"आता ही बघा." मी मांसाचा तुकडा काढला. "ही खाटकाकडून आणलीय. माणसाची गाठ मांसाची असते, थर्माकोलची नसते. विरघळवा."

"श्रद्धाहीन हातांनी अमृत काम करत नाही!"

"मग तुमच्या हातांनी टाका की!"

समोरून दोन-चार जण ओरडले, "टाका, महाराज, टाका!" महाराजांना टाकावाच लागला. मंत्र झाले, डोळे फिरवून झाले. तुकडा तळाशी ढिम्म बसून राहिला.

"आज सालीचा कोप आहे," महाराज पुटपुटले. कोणीतरी मागून फिदीफिदी हसलं.

तळाशी थर्माकोलचा चिकट लगदा साचला होता. तो सगळ्यांना दिसावा म्हणून मी भांडं उचलून व्यासपीठावर तेवणाऱ्या दिव्यांच्या रांगेकडे नेलं.

"दिवा लांब!" पहिल्या रांगेतून किंकाळी आली. "अगं, दिव्याजवळ नेऊ नकोस! पेट घेईल ते!"

भाऊजी. खुर्ची पाडून उभे होते, चेहरा पांढराफटक.

मी भांडं खाली ठेवलं. मग ताई हळूच उठली.

"अहो," ती म्हणाली, "अमृत पेटतं कसं?"

भाऊजी पडलेली खुर्ची उचलू लागले.

"तुम्हाला माहीत होतं."

"मी... गोदामातलं तेल नेऊन देत होतो फक्त. थर्माकोलच्या रंगवलेल्या गाठी ते मुठीत लपवतात, हे नंतर कळलं. तोवर तू... मला वाटलं, सालीचंच तर आहे, अपाय काय होणार?"

"आणि ऑपरेशन?"

त्यांनी मान खाली घातली. खरं सांगितलं असतं तर चोरी उघडी पडली असती आणि पहिल्या रांगेतली खुर्चीही गेली असती. एवढंसंच कारण होतं. तेवढ्यात महाराज पडद्यामागून पसार व्हायला निघाले, पण लोकांनी दार अडवलं आणि पोलीस येईपर्यंत हलू दिलं नाही.

ताईचं ऑपरेशन झालं. गाठ वाढली होती. आधी गाठीपुरतं कापून भागलं असतं, आता अख्खा स्तन काढावा लागला. पुढचे उपचार लांबलचक आहेत, आणि डॉक्टर आता 'बऱ्या व्हाल' म्हणत नाहीत, 'बघू या' म्हणतात.

म्हणून सांगते, सालीला नावं ठेवू नका. तिचा वास घ्या, डिंक काढा, जॅम घट्ट करा. ती बिचारी तिच्या गुणांना जागते. पण कोणी चमत्कार दाखवला, तर त्याची वस्तू बघून टाळ्या पिटू नका. तुमची वस्तू त्याच्या हातात द्या आणि म्हणा, आता कर. आणि दुखणं असेल तर डॉक्टरांकडे जा, आजच जा. प्रश्न विचारल्याने देवाचा अपमान होत नाही. झाला तर भामट्याचा होतो, तो खुशाल होऊ द्या.

दवाखान्यात भाऊजी दाराबाहेर बाकावर बसून असतात. ताई त्यांना आत येऊ देत नाही. मी एकदा म्हटलं, "त्या महाराजाला चांगली शिक्षा होईल बघ."

"त्याचं मला काही वाटत नाही, छोटे," ताई म्हणाली. "तो परका. पण हे रोज सकाळी चमचा फुंकर घालून पुसायचे, आणि मग मला पाजायचे."