रकान्यात चहा नाही

पाणकोंडचा सडा, वाडीवरचं ते कातळाचं पठार, गेला. लवू पावसकरांची त्यावरची एकेचाळीस हापूस कलमंही गेली, आणि विरोधात एक शब्दही कुणी न बोलता गेली. पण हे इथेच सोडून देऊ. असं काही झालेलं नाही. फेब्रुवारीतली सकाळ आहे, सडा जागच्या जागी आहे, आणि लवूकाकांच्या बागेतल्या राखणीच्या खोपटात हर्षद आंब्याच्या रिकाम्या पेटीवर लॅपटॉप ठेवून चौथ्यांदा तोच पूल उडवतो आहे.

पूल उडाला. जर्मनांसारखे दिसणारे, पण भानगड नको म्हणून कुठेही जर्मन न म्हटलेले सैनिक नदीत पडले. हर्षद पुलापलीकडच्या गावात शिरला. विहिरीवर बायका उभ्या होत्या. त्याने त्यांना बंडाची पत्रकं वाटली. बायकांनी ती घेतली, नीट घडी घातली आणि पुन्हा विहिरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"उठा की आता," हर्षद म्हणाला.

कुणी उठलं नाही.

गेमचं नाव 'नॉर्थ पियर'. थंड प्रदेशातला एक किनारा शत्रूने बळकावला आहे, आणि खेळणारा मासे विकण्याच्या मिषाने गावोगाव फिरून लोकांना बंडाला उभं करतो, अशी कल्पना. नकाशा इतका मोठा की या टोकापासून त्या टोकाला सायकलने जायला पाऊण तास लागतो, आणि वाटेत मोकळीक अशी की बंड बाजूला ठेवून नुसते मासे विकले तरी कुणी विचारत नाही. जगभरच्या खेळाडूंनी त्यावर मतं दिली होती आणि हर्षदने ती सगळी वाचली होती. कुणाला मासे हुबेहूब वाटले होते. कुणाची तक्रार होती की सायकल जिना चढते पण घोडा चढत नाही, आणि यामुळे युद्धाची भीषणता कमी होते. एकाने एकशे दहा तास खेळून 'सध्या वेळ नाही, सविस्तर नंतर' एवढंच लिहिलं होतं.

हर्षदचं मत सगळ्यांत वर होतं. त्याने लिहिलं होतं : नकाशा सुंदर. समुद्र खरा. गावकरी खोटे. डोळ्यांदेखत त्यांची घरं जातात आणि ते अदबीने बाजूला होतात. कुठलंही गाव इतकं मवाळ नसतं. शिफारस करत नाही.

दोन हजार तीनशे बारा जणांना हे मत उपयुक्त वाटलं होतं. खाली पोलंडच्या एका खेळाडूने विचारलं होतं, तू कुठल्या गावाबद्दल बोलतोयस? हर्षदने लिहिलं होतं, माझ्या.

हर्षद सव्वीस वर्षांचा होता, डिप्लोमा झालेला, आणि 'सध्या बघतोय' या पदावर तीन वर्षं कायम. खाली वाडीत रेंज नव्हती, म्हणून दिवसभर तो वर सड्यावर असे. लवूकाकांना ते बरं वाटे. कलमांजवळ कुणीतरी आहे, मग ते पूल का उडवत असेना.

भूसंपादनाची नोटीस आली तेव्हा अख्ख्या वाडीला हर्षदची आठवण झाली, ती त्या मतामुळे. वाडीत बातमी अशी पसरली होती की हर्षदच्या लिखाणाखाली अडीच हजार सह्या आहेत, त्यातल्या काही परदेशी. नोटिशीत म्हटलं होतं की पाणकोंडचा सडा 'सार्वजनिक प्रयोजनासाठी' हवा आहे. प्रयोजन कोणतं ते लिहिलेलं नव्हतं. निवृत्त मुख्याध्यापक चिंतामणी गुरुजींनी चष्मा पुसून खुलासा केला की प्रयोजन सार्वजनिक असल्यामुळे ते खाजगीत कुणाला सांगता येत नसावं. हरकती तीस दिवसांत लेखी द्यायच्या होत्या. नंतर सुनावणी.

लवूकाकांनी नोटिशीची नीट घडी घातली. बावीस वर्षं ते बोटीवर, इंजिनखोलीत होते. परत आले आणि सड्यावर कलमं लावायची म्हणाले, तेव्हा लोकांना वाटलं की इंजिनचा आवाज डोक्यात गेला. सडा म्हणजे नुसता जांभा दगड. तिथे खड्डा खणत नाहीत, फोडतात. काकांनी पहारीने आणि सुरुंगाने एकेचाळीस खड्डे फोडले आणि मालनकाकीने दोन उन्हाळे खालच्या मळ्यातली माती डोक्यावरून वर आणली. कलमांना नावं नव्हती, नंबर होते, आणि नंबरागणिक स्वभाव. एकोणिसावं रुसकं होतं. शेजारचं वीस सोसणारं. सडा गेला तर काकांकडे घर, मागचं तिकोनी परडं आणि सकाळी सहा वाजताची जाग एवढंच उरणार होतं.

हर्षदने पहिला मसुदा चार पानी लिहिला. त्याला एकच पद्धत येत होती, त्या पद्धतीने लिहिला. प्रकल्पाचं कथानक कच्चं आहे. नकाशात सड्यावरचा झरा दाखवलेला नाही. मोबदल्याचा भाग घाईत उरकलेला आहे. शिफारस करत नाही.

मसुदा गुरुजींच्या ओटीवर वाचला गेला. लोकांना आवडला. गुरुजींनी 'कच्चं' काढून 'अपुरं' केलं. मग कुणीतरी म्हणालं, 'घाईत' हा शब्द साहेबाला लागेल. तो गेला. झऱ्याचं वाक्य ठेवायचं ठरलं, पण त्यात चूक दाखवल्यासारखं वाटत होतं, म्हणून 'झरा कदाचित नजरचुकीने राहिला असावा' असं झालं, आणि मग नजर कुणाची, हा प्रश्न आला. तासाभराने चार पानांचं एक पान उरलं.

"एवढं टोचून कशाला लिवायचं?" लवूकाका म्हणाले. "माणसं दारात येणार. तोंडावर सांगू ना."

"काका, ते पाहुणे नाहीत."

"आपल्या गावात येतील त्या दिवशी पाहुणेच."

यावर ओटीवर कुणाचंच दुमत नव्हतं. शेवटी एक ओळ उरली : सविस्तर हरकती समक्ष मांडू. तिच्याखाली चौतीसपैकी गावात असलेल्या अठ्ठावीस खातेदारांनी सह्या केल्या. गुरुजी म्हणाले की मजकूर आता घोटीव झाला आहे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी हर्षदने काकांची तालीम घेतली. तो खोपटासमोर पेटीवर साहेब होऊन बसला आणि काका एकोणिसाव्याला टेकून उभे राहिले. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळणार होती. काकांनी कागद घेतला नाही. पहिल्या खड्ड्याला अकरा दिवस लागले, इथून सुरू केलं. पहारीचं टोक किती वेळा लोहाराकडे नेलं ते सांगितलं. मालनकाकीच्या टाळूवरचे केस गेले ते परत आले नाहीत, हेही सांगितलं. ती खाली गवत झोडत होती म्हणून सांगितलं.

"साहेब, दुसरीकडं जमीन द्याल तुमी," काका शेवटी म्हणाले, "पण माझी बावीस वर्षं दर्यात गेली नि पंचवीस ह्या खड्ड्यांत. तिसरी खेप नाय हाय माझ्याकडं."

दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. हर्षद उगाच चार्जरची वायर गुंडाळत राहिला.

"बरं बोललो काय?"

"असंच बोला. फक्त एवढंच बोला."

सुनावणी प्राथमिक शाळेत झाली. साहेब तिसरीच्या बाकावर गुडघे वर करून बसले, कारण खुर्च्या शेजारच्या गावातल्या लग्नाला गेल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. आल्याआल्या त्याने चपला दाराबाहेर काढल्या, आणि त्यामुळे गावाची निम्मी लढाई तिथेच गेली. त्याच्या शेजारी टायपिंगला ऋतिका नावाची मुलगी होती, सावर्ड्याची. तिच्या लॅपटॉपवर प्रत्येक खातेदाराचं नाव होतं आणि नावापुढे एक रकाना. खातेदार उभा राहून जे पहिलं बोलेल ते त्यात भरायचं, बटण दाबलं की तो बंद होऊन पुढचा उघडे. सॉफ्टवेअर नवीन होतं. वेळ वाचावा म्हणून आणलं होतं.

पहिले सहा खातेदार मुंबईला होते. त्यांच्यापुढे 'गैरहजर' लागलं. सातवे लवू पावसकर.

काका उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. बाहेर चुलीपाशी मालनकाकीने कप भरले होते आणि ट्रे हर्षदच्या हातात दिला होता. चहा निवेल, म्हणून तिने त्याला ढकललं. अकरा वाजून दहा मिनिटांनी हर्षद दोन्ही हातांत ट्रे घेऊन पायरीवर होता. काकांनी तोंड उघडलेलं त्याला दिसलं. तो आत गेला. कप हातात असताना माणूस थांबत नाही, पुढेच जातो.

साहेबांना अवघडल्यासारखं झालं. समोर म्हातारा माणूस उभा, आणि मधून चहा.

"काका, आधी चहा घेऊन घ्यायचा का? मग सावकाश बोला."

"हरकत नाय," लवूकाका म्हणाले आणि बसले.

ऋतिकाने ते शुद्ध करून टाइप केलं आणि बटण दाबलं. आठवा रकाना उघडला.

चहा झाला. आठवे खातेदार धोंडू मयेकर. पुन्हा काकांनाच बोलावतील असं धोंडूला वाटत होतं, पण नाव त्याचं आलं. त्याने लवूकाकांकडे पाहिलं. काका बशीत उरलेला चहा ओतत होते. ज्याची सगळ्यांत जास्त कलमं जातात, तो माणूस भर सभेत हरकत नाही म्हणाला, म्हणजे आतून काहीतरी ठरलं असणार, एवढं धोंडूला कळत होतं. आपण अज्ञानी दिसायला नको होतं.

"हरकत नाय," धोंडू म्हणाला.

नववे म्हणाले. दहावे म्हणाले. अकराव्या कमलाबाईंना ऐकू येत नव्हतं, पण सगळ्यांच्या ओठांवरून अंदाज घेऊन त्याही म्हणाल्या. चिंतामणी गुरुजी एकोणतिसावे होते. त्यांनी दोन क्षण घेतले, छताकडे पाहिलं, आणि शुद्धच म्हणाले. हर्षद भिंतीशी रिकामा ट्रे छातीशी धरून उभा होता. त्याच्या नावावर काही नव्हतं, त्यामुळे त्याला रकानाही नव्हता. एकदा तो "अहो" म्हणाला. शेजारच्याने त्याच्या ट्रेवर आपला कप ठेवला.

पावणेबाराला काम संपलं. साहेब म्हणाले की इतका समजूतदार गाव त्यांनी जिल्ह्यात पाहिला नाही. तेव्हा लवूकाका पुन्हा उठले.

"साहेब, माझं बोलायचं राहिलं."

साहेबांनी ऋतिकाकडे पाहिलं. तिने यादीत वर जाऊन वाचलं. "सात नंबर. हरकत नाही."

"ता चहाचं होतं."

ऋतिकाने पडद्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला कळलं आहे. तिने दोनदा काहीतरी दाबून पाहिलं.

"काका, रकान्यात चहा नाही," ती हळू म्हणाली. "आणि तो आता उघडत नाही."

साहेबांनी लेखी काही दिलंय का ते तपासलं. दिलं होतं. सविस्तर हरकती समक्ष मांडू. साहेब म्हणाले, समक्ष झालंच की. मग चपला घालताना त्यांनी चहाची तारीफ केली, आणि मालनकाकी सवयीने म्हणाली की पुन्हा या.

पुन्हा ते आले नाहीत. मोजणीवाले आले. त्यांनी कलमांवर पांढऱ्या रंगाने नंबर घातले, आणि उलट्या बाजूने सुरू केल्यामुळे एकोणिसावं तेविसावं झालं. लवूकाका मागे मागे फिरत होते. एकदा त्यांनी सांगून पाहिलं की हे एकोणीस हाय. मोजणीवाला म्हणाला, त्याने काय फरक पडतो. काकांनी मान हलवली. अजूनही ते सहाला उठतात आणि परड्यात जाऊन उभे राहतात. तिथे करण्यासारखं पाच मिनिटांचं आहे.

सड्यावर कुंपणाची तार लागायच्या आधीच्या दुपारी हर्षद खोपटात गेला. रेंज होती. त्याने 'नॉर्थ पियर'वरचं आपलं मत उघडलं. 'गावकरी खोटे' हे दोन शब्द पुसले. तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून जागा तशीच ठेवली आणि खाली 'शिफारस करतो' केलं. पान पुन्हा उघडून पाहिलं. दोन हजार तीनशे बारा जणांना ते अजूनही उपयुक्त वाटत होतं.

मग त्याने पेटीवर कोरा कागद घेतला आणि हाताने लिहायला बसला. या वेळी त्याने गुरुजींना दाखवलं नाही.

प्रति,
मा. भूसंपादन अधिकारी यांस

विषय : सुनावणी पूर्ववत करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मौजे पाणकोंड येथील खातेदार क्र. ७ यांनी उच्चारलेले शब्द चहास उद्देशून होते. खातेदार क्र. ८ ते ३४ यांचे शब्द खातेदार क्र. ७ यांस उद्देशून होते. सदर चहा अर्जदाराने आत नेला होता, व तो तीन मिनिटे उशिरा नेला असता तरी चालण्यासारखे होते. अर्जदारास याची पूर्ण कल्पना आहे. तरी सदर सुनावणी त्या दिवशी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी, म्हणजे अर्जदार ट्रे घेऊन पायरीवर असताना, जशी होती तशी करून तेथून पुढे पुन्हा घेण्यात यावी, ही नम्र विनंती.