गुरुवारची पिशवी

उदगीरच्या त्या कॉलनीत रामकिशनच्या परसाइतकी हिरवी जागा दुसरी नव्हती, आणि त्या घराइतकं गप्प घरही दुसरं नव्हतं. वांगी, दोडका, अंबाडी, कुंपणाला पपईची झाडं. ही सगळी हौस त्याच्या बायकोची, सरजाबाईची. ती गेल्यावर लोकांना वाटलं, आता परसात गवत माजणार. जन्मभर एसटीच्या वर्कशॉपात नटबोल्ट आवळलेला माणूस, त्याला भाजीतलं काय कळतंय? पण हा पठ्ठ्या सकाळी चहाच्या आधी आळ्यांत पाणी सोडायला लागला. न सोडून करणार काय? बाकी घरात बोलायला भिंतीच होत्या.

पिकायला लागलं तसा प्रश्न पडला, एकट्यानं खायचं किती? शेजाऱ्यांना देऊन झालं. मग त्यानं इकडचे आईबाप करतात तेच केलं. पुण्याच्या ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर व्यंकट याला गाठलं आणि दर गुरुवारी संध्याकाळी मुलासाठी, प्रीतमसाठी, भाजीची पिशवी द्यायला सुरुवात केली. गाडी पहाटे पुण्यात पोचायची, प्रीतमनं स्टॉपवर येऊन पिशवी न्यायची. शुक्रवारी सकाळी त्याचा फोन यायचा, मिळाली म्हणून.

सगळा खटाटोप या फोनसाठीच होता, उगाच कशाला लपवा? आधी प्रीतमचा फोन चौदा एप्रिलला यायचा, नाहीतर कुणी आजारी पडलं तर. पिशवी सुरू झाली आणि तो आठवड्याला यायला लागला. त्यामुळं कोवळी वांगी पुण्याला आणि जून झालेली रामकिशनच्या ताटात, असा त्या घरचा कायदाच झाला.

एका गुरुवारी मात्र घोळ झाला. पिशवी भरून ठेवली, जरा पाठ टेकली आणि डोळा लागला. धावतपळत स्टॉपवर गेला तोवर गाडी निघून गेली होती. भरली पिशवी घरी परत आणताना त्याला पोराला उपाशी ठेवल्यासारखं वाटलं. सकाळी फोन वाजला तेव्हा काय सांगायचं ते त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं. पण प्रीतमच आधी बोलला.

"बाबा, मिळाली. वांगी लई छान होती."

पिशवी समोर खुंटीला लटकत होती. रामकिशन नुसतं "बरं" म्हणाला.

पुढच्या गुरुवारी त्यानं व्यंकटला बाजूला घेऊन विचारलं. व्यंकट मान खाली घालून सांगत गेला. प्रीतमभाऊ उन्हाळ्यापासून स्टॉपवर आलेच नव्हते. पहाटे उठणं होत नाही, घरी सगळं मोबाईलवर मागवतो, भाजी तुम्हीच घेऊन जा, फक्त बाबांना सांगू नका, असं म्हणाले होते.

"मामा, माझी लेकरं खायलीत तुमची भाजी," व्यंकट म्हणाला. "टाकून द्यायला जीव झाला न्हाई."

आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, ही म्हण रामकिशनच्या जिभेवर आली होती. लेकरांचं ऐकून त्यानं ती गिळली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. राग व्यंकटचा नव्हताच. पोराचाही धड येत नव्हता.

पिशवी घेऊन घरी जावं आणि प्रीतमला चांगलं खडसवावं, असं त्याला वाटलं. खडसवलं तर पोरगं माफी मागेल, चार दिवस नीट बोलेलही. पण पुढं पिशवी नाही म्हणजे शुक्रवारचा फोनही नाही. मग पुन्हा चौदा एप्रिलची वाट बघायची. क्लीनर गाडी निघाल्याची हाळी देत होता. रामकिशननं पिशवी व्यंकटच्या हातात दिली.

"लेकरांना खाऊ घाल," तो म्हणाला. "अन् मला समजलंय हे प्रीतमला कळू देऊ नको."

त्या पिशवीत दोडके होते आणि एक पपई. शुक्रवारी फोन आला. प्रीतम म्हणाला, मिळाली, अंबाडी मस्त होती. एवढं बोलून तो फोन ठेवायच्या बेतात होता.

"कशी केली रे?" रामकिशननं घाईनं विचारलं.

प्रीतम चाचरत सांगायला लागला. आई करायची तशीच केली, कण्या घालून, वरून फोडणी. बोलता बोलता त्याला आईच्या हातची चव आठवली, भाकरीवरची भाजी, तिच्यावर सोडलेलं तेल आठवलं आणि तो खरोखर खुलला. रामकिशन डोळे मिटून ऐकत होता. पोराचं बोलणं संपत आलंय असं वाटलं तसं त्यानं विचारलं, "लसूण किती घातला?"